मदत हवी आहे: थंडीने करपलेली झाडं आत्ता छाटू की थांबू? (ग्वाल्हेर)

आम्ही राहतो शहरातल्या लष्कर भागात, पण शहराबाहेर तिघऱ्याच्या बाजूला थोडी जमीन आणि छोटं घर आहे. शनिवार-रविवारी जाणं होतं, एरवी राखणीचे दादा पाणी घालतात. माझं माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे हौसेने सोनचाफ्याचं कलम, अनंत, आबोली आणि केळी लावल्या. मोगरा, जास्वंद, कर्दळ सासऱ्यांच्या वेळची.

जानेवारीत लष्करातल्या गच्चीवर कुंड्यांना काही झालं नाही. तिकडे मात्र शेजारच्या मोहरीवर सकाळी दव गोठलेलं असायचं. आता फेब्रुवारी संपत आलाय आणि सोनचाफ्याची पानं चहाच्या चोथ्यासारखी झालीत. जास्वंदीचे शेंडे काळे, केळीची पानं लोंबतायत, आबोली तर नुसत्या काड्या. अनंत हिरवा आहे, पण नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या.

पुस्तकांत लिहितात, वसंत येईपर्यंत थांबा. आमच्याकडे वसंत कितीसा असतो? होळी झाली की ऊन चटके देतं, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. थांबले तर नवी फूट उन्हात सापडणार, घाई केली तर जिवंत फांदी जायची. खत आत्ता द्यायचं का? आणि पुढच्या हिवाळ्यात, आम्ही रोज तिथे नसताना, काय करता येईल?

प्रतिसाद १
सरळ छाटून टाका. पुण्यात आम्ही संक्रांतीनंतर सगळं छाटतो, जोमाने फुटतं.

प्रतिसाद २
पुण्याचा हिशोब इथे चालत नाही हो. ताई, मी इथल्याच मुरारचा. दव गोठण्याची भीती आता जवळपास गेली. थांबायचं ते फांदी कुठपर्यंत जिवंत आहे हे कळावं म्हणून. शेंड्याकडून सुरुवात करून नखाने साल खरवडा. आत हिरवं, ओलसर असेल तिथवर जीव आहे. तपकिरी, कोरडं असेल तर आणखी खाली या. जास्वंद अशी बघून हिरव्या भागात, डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा वर कापा. मोगऱ्याला मात्र थांबू नका, त्याची छाटणी आत्ताच व्हायला हवी, नाहीतर उन्हाळ्यात फुलं कमी. कर्दळ जमिनीलगत कापा, कंदातून येते. केळीचं खोड थोडं थोडं वरून कापत जा. गाभा पांढरा, घट्ट लागला तर मधून नवं पान येईल. सडका निघाला तर खोड काढा आणि एक-दोन मुनवे (बुडाशी येणारी पिल्लं) ठेवा.

आबोली मुळापासून फुटू शकते, काड्या उपटू नका. वाळलेल्या शेंगा असतील तर वाटीत पाण्याचे थेंब टाकून त्यात ठेवा, तडतडून बिया उडतात. त्या पेरा.

अनंताचं दुखणं थंडीचं वाटत नाही. बोअरचं जड पाणी असेल, त्यामुळे झाडाला मातीतलं लोह घेता येत नाही. शेणखत घाला, चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा लोहाची) फवारणी करा. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. बाकी खत फूट दिसल्यावरच. छाटल्यावर उघड्या पडलेल्या जाड खोडांना चुना लावा, एप्रिलचं ऊन साल भाजून काढतं.

प्रतिसाद ३
पुढच्या वर्षासाठी: धुकं असेल त्या रात्री फारसं भ्यायचं नाही. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळीच हुडहुडी, ती रात्र वाईट. जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. शहरात भिंती ती धरून ठेवतात, म्हणून तुमची गच्ची वाचली. अशा दिवशी दुपारी हलकं पाणी द्यायला सांगा, ओली माती ऊब जास्त धरते. दालबाजारात जुनी बारदानं मिळतील. काठ्यांवर ताणा, जमिनीपर्यंत सोडा, सकाळी काढा. प्लास्टिक पानाला टेकलं की तिथेच करपतं. रोज काढणं-घालणं दादांना जमणार नसेल तर लहान झाडांना गवताचा तीन बाजूंनी आडोसा करा, आग्नेय बाजू उन्हासाठी मोकळी ठेवा. पपईवाले हेच करतात. कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. रविवारी जाऊन खरवडून पाहिलं. जास्वंद गुडघ्यापासून खाली हिरवी, छाटली. केळीचा एक गाभा घट्ट निघाला. सोनचाफा वरून कोरडा ठणठणीत, पण बुडाशी बारीक फूट आहे. ती कलमाच्या जोडाखालून आली असेल तर?

प्रतिसाद २
मग ते खुंटाचं, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचं झाड. वाढेल, पण फुलायला बरीच वर्षं लावेल. जोडाच्या वर हिरवं सापडतंय का ते आणखी महिनाभर बघा, तोवर फूट राहू द्या. नाहीच सापडलं तर पावसाळ्यात माहेरहून नवं कलम आणा, आणि या वेळी घराच्या दक्षिणेच्या भिंतीलगत लावा.