टीपीएमएस सेन्सर (टायरच्या हवेचा दाब पाहणारे) बदलायचे आहेत, गाडीला ओळख कशी करून द्यायची? (सायऑन एफआर-एस, २०१३)

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहतो. गेल्या वर्षी जुनी एफआर-एस घेतली, सहा गिअरची मॅन्युअल. टोयोटा आणि सुबारूने मिळून काढलेली '८६' नावाची गाडी ती हीच. अमेरिकेत २०१६ पर्यंत टोयोटाच्या सायऑन या ब्रँडखाली विकली गेली. गाडीवर माझा फार जीव आहे, म्हणून घाईत चुकीचं काही करायचं नाही.

पंधरा दिवसांपासून गाडी सुरू केली की टायरच्या हवेचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग लागलेलाच राहतो. चारही चाकांत ३५ पीएसआय हवा आहे, सकाळी थंड टायरवर मोजलेली. हवा कमी असती तर दिवा न लुकलुकता सरळ लागला असता, म्हणजे एखादा सेन्सरच गेला असणार. या गाडीत कुठल्या चाकाचा गेला ते डॅशबोर्डवर दिसत नाही. सेन्सर बहुधा मूळचेच आहेत, आणि आतली बॅटरी सीलबंद असल्यामुळे ती वेगळी बदलता येत नाही.

टायरवाला म्हणतो, "नवा सेन्सर बसवू, अर्धा तास चालवा, गाडी आपोआप ओळखेल." माझ्या वाचनात मात्र या गाडीत सेन्सरचा क्रमांक ओबीडीतून (गाडीच्या तपासणी-सॉकेटला टूल जोडून) घालावा लागतो असं आलंय. खरं काय? एकच बदलू की चारही? शिवाय हिवाळ्याच्या टायरांसाठी चाकांचा दुसरा सेट घेतोय, त्याचं काय करायचं? पुण्याचा मावसभाऊ तिथून स्वस्तात सेन्सर पाठवतो म्हणतोय, ते चालतील का?

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

माझ्याकडे याच पिढीची बीआरझेड आहे, म्हणजे याच गाडीची सुबारू आवृत्ती, सगळं सारखंच. तुम्ही वाचलंत ते बरोबर. कितीही चालवली तरी ही गाडी नवा सेन्सर आपोआप ओळखत नाही. तिच्या कंट्रोल युनिटमध्ये चार क्रमांक नोंदलेले असतात आणि ती फक्त त्या चौघांचंच ऐकते.

मावसभावाला नको म्हणून सांगा. अमेरिकेतल्या तुमच्या गाडीचा रिसीव्हर ३१५ मेगाहर्ट्झचा आहे. भारतात साधारण ४३३ वाले मिळतात, ते या गाडीला ऐकूच येणार नाहीत.

आता मुख्य गोष्ट. चाकं उघडायच्या आधी, म्हणजे खरंच आधी, जुने क्रमांक लिहून घ्या. टीपीएमएसचं टूल व्हॉल्व्हजवळ धरलं की ते १२५ किलोहर्ट्झचा इशारा देऊन सेन्सरला जागं करतं आणि सेन्सर आपला क्रमांक सांगतो. मेलेला अर्थातच सांगणार नाही. पण गाडीतले चारही क्रमांक ओबीडीतून वाचता येतात, टोयोटाच्या टेकस्ट्रीम या सॉफ्टवेअरने किंवा ती सोय असलेल्या टूलने. त्यातून तीन जिवंत वजा केले की उरला तो मेलेल्याचा. मग ऑटेल किंवा श्रेडरचे कोरे, प्रोग्रॅम करता येणारे सेन्सर घ्या आणि त्यांत हेच जुने क्रमांक उतरवा. गाडीला काही बदललंय हे कळतच नाही, नवी नोंदणी लागत नाही.

हिवाळ्याच्या सेटमध्येही हेच चार क्रमांक घाला, म्हणजे दर मोसमात टूल जोडायला नको. फक्त एका क्रमांकाचे दोन सेन्सर एकाच वेळी गाडीत नकोत. म्हणजे दुसरा सेट डिकीत टाकून फिरू नका.

चारही बदला. एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत, आणि दर वेळी टायर उतरवणं, बसवणं, बॅलन्सिंग यांचे पैसे जातात.

प्रतिसाद २

वरच्यात एक भर. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे ॲल्युमिनियमचे व्हॉल्व्ह आतून खातात. त्यात पितळी कोअर (व्हॉल्व्हच्या आतली हवा अडवणारी पिन) घातला की तो गंजून कायमचा अडकतो. निकेलचा मुलामा दिलेला कोअरच घाला आणि झाकण प्लास्टिकचं ठेवा. मी धातूची झाकणं लावली होती. एक काढताना व्हॉल्व्हच मुळातून तुटला, टायर जागेवर बसला. सेन्सरचा नट इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका, तो छोट्या टॉर्क पान्यानेच आवळायचा असतो.

आणि दिव्यावर चिकटपट्टी लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दिवा बिघाड दाखवत अडकलेला असताना खरंच हवा गेली तरी तो तेवढाच पिवळा दिसतो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल एका मित्राचं टूल आणून तपासलं. मागचं उजवं चाक गप्प आहे, बाकी तिघांचे क्रमांक मिळाले. ओबीडीतून चारही वाचले, त्यामुळे चौथाही कागदावर आहे. दोन्ही सेटसाठी मिळून ३१५ चे आठ कोरे सेन्सर मागवलेत. पुढच्या शनिवारी टायर उतरवतोय, तेव्हा सेन्सरवर छापलेले क्रमांक पुन्हा ताडून पाहीन आणि दिवा गेला की नाही ते इथेच लिहीन.

एकच राहिलं: जुने नट आणि रबरी वॉशर परत वापरायचे की सेन्सरबरोबर येतात तेच घालायचे?

प्रतिसाद १

नवेच घाला. रबर एकदा दबलं की पुन्हा नीट बसत नाही.