मदत हवी आहे : सोलापुरात मानसशास्त्रात बी.ए.

भाचीची बारावी झाली आहे, तिच्यासाठी विचारतोय. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान 160 क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मोजले जाणारे श्रेयांक) लागतात, एवढं स्पष्ट आहे. म्हणजे सत्राला साधारण 20 ते 22. अडतंय ते मेजरवर, म्हणजे मुख्य विषयावर. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न कोणत्या महाविद्यालयांत मानसशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मेजर म्हणून मिळतं? काही ठिकाणी विषय पहिल्या वर्षी असतो, पण पुढे विद्यार्थी कमी म्हणून तुकडीच निघत नाही. मग मानसशास्त्र मायनरवर, म्हणजे दुय्यम विषयावर अडकतं आणि एम.ए.च्या प्रवेशाला अडचण येऊ शकते.

दुसरं, प्रात्यक्षिकं. तिथे एक क्रेडिट म्हणजे 30 तास. प्रयोगशाळेत चाचण्यांचे संच खरोखर आहेत का, की जर्नल नुसतं उतरवून घेतात? संख्याशास्त्र कोणत्या सत्रात येतं? ऑन जॉब ट्रेनिंग शाळेत मिळतं की रुग्णालयात?

नुसत्या बी.ए.वर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, हे तिला सांगितलंय. म्हणूनच पाया पक्का हवा. अलीकडे शिकलेल्यांनी कृपया नेमकं सांगा.