मिलिटरी सरप्लस स्लीपिंग बॅग : हिरवी घ्यावी की काळी?

दुधनाकाठ
डिसेंबरात म्हैसमाळला मुक्काम आहे, जानेवारीत उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर (सुमारे ३८०० मीटर). छत्रपती संभाजीनगरात अमेरिकन सैन्याच्या जुन्या बॅगा मिळत आहेत : एक पातळ हिरवी, एक जाड काळी आणि वरून घालायची कॅमोफ्लाज खोळ. काळीवर दुकानदाराने '-१०' लिहिलंय. तिन्ही घ्याव्यात का? आणि जुना माल घेताना काय तपासायचं?

बालाघाटी
हा मॉड्युलर स्लीप सिस्टीमचा, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या बॅगांचा, संच आहे. ते -१० फॅरेनहाइट आहे, सेल्सिअसमध्ये साधारण -२३. पण हा आकडा नव्या बॅगेचा, आणि तोही आत थर्मल घालून झोपणाऱ्या धडधाकट सैनिकासाठी. स्लीपिंग बॅगांच्या आजच्या आयएसओ २३५३७ या मानकात 'कम्फर्ट' (आरामात झोप लागेल ते तापमान) आणि 'लिमिट' (जेमतेम निभावेल ते) वेगळे दिलेले असतात. सैन्याच्या जुन्या आकड्याला 'कम्फर्ट' समजू नका. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेल्या बॅगेचं भरण बसलेलं असतं, म्हणून लेबलावरच्या आकड्यातून निदान १० अंश सेल्सिअसची ऊब वजा धरून चला, म्हणजे -२३ ऐवजी -१३.

म्हैसमाळला हिरवी पुरे, नवी असताना ती शून्याच्या आसपासपर्यंत चालते. तिथं काळीत झोपलात तर मध्यरात्री घाम येईल, आतलं कापड ओलावेल आणि पहाटे चारला त्याच ओलीनं हुडहुडी भरेल. केदारकंठ्याला काळी न्या. काळी हिरवीच्या आत टिचबटनांनी बसते, त्यामुळे दोन्ही एकत्र वापरता येतात. मात्र वजन बघा : हिरवी किलो-सव्वा किलो, काळी पावणेदोन ते दोन, खोळ एक किलोच्या आसपास. खोळ गोअर-टेक्सची (पाणी अडवणाऱ्या पण वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाची) असते. हरभऱ्याच्या रानाशेजारी उघड्यावर झोपणार असाल तर दवासाठी ती हवीच. चांगल्या तंबूत तिची गरज नाही.

घोंगडीवाला
तपासायचं असं. बॅग उलगडून अर्धा तास तशीच राहू द्या, मग तळहात दाबून सोडा. भरण हळूहळू का होईना वर आलं पाहिजे. पापडासारखं चपटं राहिलं तर परत ठेवा. नंतर ती उजेडासमोर धरा. या बॅगांत पिसं नसतात, पॉलिएस्टरचे धागे असतात, त्यामुळे जिथून उजेड जास्त येतो तिथं भरण सरकलंय किंवा टाका तुटलाय. तिथंच गार लागणार.

झिप दहा वेळा खालीवर करा, आतूनसुद्धा. रात्री अडकते ती झिप नव्हे, झिपेत सापडलेलं अस्तर. दात झिजलेले नसतील आणि फक्त स्लायडर ढिला असेल तर तो बदलून मिळतो.

खोळ मात्र उलटी करून शिवणीवरची पट्टी नखानं उचकून बघा. पट्टी सुटलेली किंवा आतला पाणी अडवणारा पडदा सोलल्यासारखा दिसला तर ती खोळ पाणी अडवणार नाही. पट्टी एखाद्या ठिकाणी सुटली असेल तर सीम सीलर (शिवण बुजवायचा डिंक) लावता येतो, पडदा गेला तर इलाज नाही.

लेबलावर १३ आकडी एनएसएन (नाटो देशांच्या सैन्यसामानाचा साठा) क्रमांक असतो. पहिले चार आकडे सोडले की पुढचे दोन देश सांगतात : ०० किंवा ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी. क्रमांकच नसेल तर तो 'मिलिटरी स्टाइल', म्हणजे नुसती नक्कल केलेला, माल समजा.

बालाघाटी
खालचं अंथरूण विसरू नका, बहुतेकांची थंडी तिथूनच येते. अंगाखालचं भरण वजनानं दबतं, मग ते काहीच अडवत नाही. म्हैसमाळला फोमची चटई आणि वर घोंगडी एवढ्यावर भागतं. बर्फावर चटईची आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) ४ च्या पुढंच हवी. साधी फोम चटई साधारण २ देते आणि दोन चटयांची बेरीज होते. तोंड बॅगेबाहेर ठेवून झोपा, श्वासाची वाफ आत गेली की भरण ओलं होतं.

दुधनाकाठ
वास येतो म्हणून धुवायची असेल तर? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे.

घोंगडीवाला
बोअरच्या जड पाण्यात साबण निघत नाही आणि राहिलेला साबण पाणी ओढून घेतो. शक्यतो टँकरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. मोठ्या टबात कोमट पाणी, सौम्य द्रव साबण अगदी थोडा, आणि फेस संपेपर्यंत तीन-चार वेळा खळखळून काढा. सॉफ्टनर नको, ड्रायक्लीन नको, पिळायचं नाही. ओली बॅग एका टोकाला धरून उचलली तर आतले टाके तुटतात. दोन्ही हातांखाली घेऊन उचला. सावलीत खाटेवर आडवी पसरा, दर दोन-तीन तासांनी पालथी करा. वरून सुकली तरी आत ओल असते, म्हणून दोन दिवस तरी द्या. नंतर पिशवीत कोंबू नका, सैल गोणपाटात टांगून ठेवा.