शब्दचर्चा: 'तीव्र' आम्ल की 'संहत' आम्ल?

विचारणा: पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राची उदाहरणं सोडवताना 'तीव्र' आणि 'संहत' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतील का? बोलण्यात दोन्हींना सर्रास 'स्ट्राँग' म्हणतात.

प्रतिसाद: अजिबात नाही, निम्मी उदाहरणं इथंच चुकतात. 'संहत' आणि 'विरल' या शब्दांतून द्रावणात आम्ल किती आहे ते कळतं. पाणी घातलं की ते बदलतं. 'तीव्र' आणि 'सौम्य' हा आम्लाचा स्वभाव आहे, म्हणजे पाण्यात त्याच्या किती रेणूंचं विचरण होतं, म्हणजे ते फुटून आयन होतात. ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचं जवळजवळ पूर्ण विचरण होतं, सामू (pH; जितका कमी तितकं द्रावण जास्त आम्लधर्मी) १. तितक्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लात हजारातले जेमतेम १३ रेणू फुटतात, सामू २.९च्या आसपास. म्हणून 'विरल पण तीव्र' किंवा 'संहत पण सौम्य' असं म्हणण्यात काहीच विसंगती नाही.

प्रतिसाद: हे उदाहरण करून पाहाच. २५ मिली ०.१ मोलर ॲसेटिक आम्लाच्या उदासिनीकरणाला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड किती लागेल? 'सौम्य आहे, थोडं पुरेल' असं पुष्कळांना वाटतं. लागतं पुरतं २५ मिली, हायड्रोक्लोरिक आम्लाइतकंच! हायड्रोजन आयन खर्च होतील तसतसे उरलेले रेणू फुटत जातात. फरक पडतो तो समतुल्य बिंदूच्या, म्हणजे आम्ल नेमकं संपतं त्या क्षणाच्या सामूत: हायड्रोक्लोरिकला ७, ॲसेटिकला साधारण ८.७. म्हणून तिथं दर्शक (रंग बदलून हा क्षण दाखवणारा पदार्थ) फिनॉल्फथॅलीन घ्यायचा. मिथिल ऑरेंज फार आधीच रंग बदलतो.

विचारणा: पण पाणी घातल्यावर ॲसेटिक आम्लाचं विचरण वाढतं ना? मग ते तीव्र झालं?

प्रतिसाद: नाही. ०.०१ मोलर केलं तर विचरण ४ टक्क्यांवर जातं खरं, पण विचरण स्थिरांक (आम्ल किती सहज फुटतं ते सांगणारा ठरलेला आकडा) ०.००००१८ तोच राहतो, आणि स्वभाव ठरतो तो त्यावरून. हायड्रोजन आयनांची संहती उलट घटते, सामू ३.४ होतो.

प्रतिसाद: मला 'सौम्य'पेक्षा 'दुर्बल' हा शब्द बरा वाटतो. 'सौम्य' म्हटलं की निरुपद्रवी असा अर्थ मनात येतो. हायड्रोफ्लुओरिक आम्ल व्याख्येनं सौम्यच, पण ते काच खातं आणि त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करतं. प्रयोगशाळेत बाटलीवर हा शब्द वाचून कुणी हातमोजे काढून ठेवू नयेत.