प्रतिसाद: मंदिरातला गजर

यहुदी उपासना म्हणजे शांत, गंभीर पठण, असं एका लेखात म्हटलंय, त्याला हा प्रतिसाद. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा तसं नव्हतं. बायबलमधलं १५०वं स्तोत्रच बघा: शिंग, वीणा, डफ, नाच, आणि झांजांचा उल्लेख तर दोनदा! मंदिर बांधण्याआधीही, कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) जेरुसलेमला आणताना दावीद राजा इतका नाचला की खिडकीतून बघणाऱ्या मीखल राणीने नाक मुरडलं. (मला तिची कीवच येते.)

मला भिडतो तो बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकातला प्रसंग. पहिलं मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर त्याच जागी दुसऱ्या मंदिराचा पाया घालताना कर्णे, झांजा वाजत होत्या. पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडत होते, बाकीचे जल्लोष करत होते, आणि रडणं कुठलं, जल्लोष कुठला, ओळखू येत नव्हतं.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी हे दुसरं मंदिरही पाडलं. त्या शोकात वाद्यं थांबली. मेंढ्याचं शिंग, शोफार, तेवढं राहिलं.