टॅपेट कव्हरमधून ऑइल येतंय: नुसतं पॅकिंग, अख्खं कव्हर, की राहू द्यायचं?

पहिलीगाडी
पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, लाखाच्या वर किलोमीटर झालेत. सर्व्हिसिंगला मेकॅनिकने बोनेट उघडून दाखवलं, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) मागच्या कडेला ऑइलचा ओघळ आहे आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट थर झालाय. जमिनीवर टिपका पडत नाही. ऑइल मोजायची काडी बघितली तर लेव्हल मॅक्सच्या जरा खाली. त्याचं म्हणणं असं की कव्हर प्लास्टिकचं आहे, उष्णतेने वाकलं असणार, पॅकिंग (कडेचं रबरी सील) टाकून उपयोग नाही, अख्खं कव्हरच बदला. कव्हर पॅकिंगपेक्षा कितीतरी पट महाग आहे. वडील म्हणतात चालतंय तोवर चालू दे, मित्र म्हणतो फक्त पॅकिंग टाक. तुम्ही काय केलं असतं आणि का, ते सांगा प्लीज.

निवांत_स्टिअरिंग
वडिलांचं ऐका. पाझरणं वेगळं आणि गळणं वेगळं. एवढं चाललेल्या इंजिनला कुठे ना कुठे ओल असतेच, रबर म्हातारं होणारच की. टिपका नाही, लेव्हल जागेवर आहे, मग नक्की कशासाठी उघडायचं? उघडलं की नवीन भानगडी सुरू होतात, बोल्टचे आटे अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये असतात, एखाद्याने रागाने पाना फिरवला की आटे गेले, मग त्यासाठी वेगळा खर्च. महिन्यातून दोनदा सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद करून, थोडं थांबून काडी बघा. बहुतेक गाड्यांत मिन ते मॅक्स साधारण लिटरभराचा फरक असतो, त्यावरून किती जातंय ते आपोआप कळेल.

पाना_पक्कड
अजिबात पटलं नाही. जमिनीवर टिपका नाही म्हणजे गळत नाही, हे कुणी सांगितलं? टॅपेट कव्हर इंजिनच्या डोक्यावर असतं राव, तिथून निघालेलं ऑइल जमिनीपर्यंत पोचायच्या आधी वाटेत काय काय लागतं ते बघा. इंजिन आडवं असेल तर बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळलेला गरम धूर बाहेर नेणारा भाग) मागे, फायरवॉलकडे म्हणजे केबिनच्या भिंतीकडे असतो. तो काही शे अंश तापतो, त्यावर पडलेलं ऑइल तिथेच जळतं, खाली टिपका दिसणार कसा? प्रश्न किती गळतंय हा नाहीच, कशावर गळतंय हा आहे. मॅनिफोल्डवर गळत असेल तर ते आगीचं निमित्त आहे, यात निवांत राहण्यासारखं काही नाही. टायमिंग बेल्टवर गेलं तर बेल्ट फुगतो, सोलतो, आणि बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात.

आणि प्लगच्या विहिरी! पुष्कळ इंजिनांत प्लग कव्हरच्या मधोमध खोल नळीत असतात आणि त्या नळ्यांचे गोल सील पॅकिंगबरोबरच कडक होतात. बाहेरून काहीच दिसत नाही. प्लगला करंट देणारी कॉइल वर ओढली की खालचं रबर ऑइलने ओलं, फुगलेलं, बोटाने दाबलं तर नको तेवढं मऊ झालेलं असतं. मग स्पार्क प्लगच्या टोकाला न जाता बाजूने निसटतो, गाडी मिस मारते, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो बाद होतो. पॅकिंग वाचवायला गेलात आणि कन्व्हर्टर घालवून बसलात, असं व्हायला नको.

निवांत_स्टिअरिंग
तुम्ही एकदम आगीपर्यंत पोचलात. मॅनिफोल्डवर पडत असेल तर मीही म्हणेन बदला. पण पडतंय का, हे आधी विचारा तरी. जळका वास नाही, धूर नाही, मिसिंग नाही, तरी घाबरवून उघडायला लावणं मला मान्य नाही.

पहिलीगाडी
वास येतो हो. घाट चढून आल्यावर गाडी उभी केली आणि ब्लोअर चालू असला की आत जळक्या ऑइलचा वास येतो, मला वाटलं क्लचचा असेल. कॉइल काढून कधी बघितल्या नाहीत. मिसिंग जाणवत नाही.

पाना_पक्कड
मग राहू द्यायचा विषय संपला.

जुना_फोरमन
वास येतोय म्हणजे काम करायचंच, यात दुमत नको. पण कव्हर की पॅकिंग हे बाहेरून बघून कुणीच सांगू शकत नाही, तुमच्या मेकॅनिकने कव्हर न काढताच ते वाकलंय असं ठरवलं हे चुकीचं आहे. आधी सगळा भाग डीग्रीझरने धुवा, कॉइल आणि कनेक्टरमध्ये पाणी जाऊ देऊ नका, चांगलं सुकवा, मग दोनतीन दिवस गाडी चालवून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा की ओल नेमकी कुठून सुरू होते. ऑइल खाली आणि वाऱ्याने मागे ओढलं जातं, त्यामुळे जिथे दिसतं तिथूनच आलं असं धरू नका. कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून आलेला ओघळ गिअरबॉक्सच्या जोडावर उतरतो आणि लोक त्याला क्रँकचा मागचा सील समजून गिअरबॉक्स उतरवायला काढतात.

दुसरं, इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. हलकी ओढ जाणवली तर ठीक. झाकण घट्ट धरून ठेवल्यासारखं वाटलं किंवा शिट्टीसारखा आवाज आला, तर पीसीव्हीचा (इंजिनच्या आतली वाफ परत इनटेककडे ओढणारा व्हॉल्व्ह) पडदा फाटलेला असू शकतो, आणि बऱ्याच प्लास्टिक कव्हरमध्ये तो पडदा कव्हरच्या आतच बसवलेला असतो. तसं निघालं तर कव्हर बदलण्यात अर्थ आहे. उलट झाकणातून जोरात हवा बाहेर येत असेल तर क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, प्रेशर साठतंय, पीसीव्ही चोक असेल किंवा रिंगा झिजल्या असतील, आणि ते कारण काढल्याशिवाय कितीही भारी पॅकिंग टाका, पुन्हा गळणार.

हे दोन्ही ठीक असेल तर कव्हर काढा. जुनं पॅकिंग हातात घेऊन वाकवून बघा. काडीसारखं कडक झालं असेल, वाकवताच मोडत असेल, दाबलेली बाजू चपटीच राहिली असेल, तर चोर सापडला. मग कव्हरच्या कडेवर सरळ पट्टी उभी धरा, पट्टीखालून प्रकाश दिसतो का बघा, बोल्टच्या भोकांभोवती बारीक तडे आहेत का ते नखाने चाचपा. कव्हर सरळ आणि अखंड असेल तर नुसतं पॅकिंग आणि प्लगनळीचे सील पुरतात.

चौथा_गिअर
फोरमन काका, पुस्तकात हे छान वाटतं, पण गॅरेजमध्ये पट्टी लावून प्रकाश कोण बघतं? माझं मत सरळ आहे, लाखाच्या वर चाललेलं प्लास्टिक कव्हर असेल तर अख्खंच बदला. इतकी वर्षं तापून गार होऊन प्लास्टिक ठिसूळ झालेलंच असतं, काढताना किंवा परत आवळताना तडा जातो, मग गाडी उघडी पडून राहते आणि पार्टची वाट बघत बसा. काही इंजिनांत कव्हरपर्यंत पोचायला वरचा इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागतो, तिथे दोनदा मजुरी देणं म्हणजे तोटाच. बऱ्याच नवीन कव्हरमध्ये पॅकिंग आणि पीसीव्ही आतच बसवून येतं. एकदा करा, विसरून जा.

पाना_पक्कड
इथे मात्र मी फोरमन काकांच्या बाजूने. तडा गेला तर कव्हर घ्या ना, जाईल म्हणून आधीच कशाला? आणि पट्टी कुणी लावत नसेल तर गाडीच्या मालकाने समोर उभं राहून लावायला सांगावं. कव्हर जर अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर तुमचा मुद्दा लागूच होत नाही.

चौथा_गिअर
त्यांचं प्लास्टिकचं आहे असं वर लिहिलंय. मी माझ्या मतावर ठाम आहे.

निवांत_स्टिअरिंग
पॅकिंग मऊ करणारं अ‍ॅडिटिव्ह मिळतं, ते टाकून बघायला काय हरकत? आणि बाहेरून सिलिकॉन?

जुना_फोरमन
अ‍ॅडिटिव्ह रबर थोडं फुगवतं, थोडी ओल असलेल्या सीलला कधी फरक पडतो, पण मोडायला आलेल्या पॅकिंगला ते परत जिवंत करत नाही. बाहेरून सिलिकॉन म्हणजे तेलकट जागेवर लेप, धरतच नाही. आतून तर अख्ख्या कडेला सिलिकॉन फासू देऊच नका, जास्तीचं आत पिळून निघतं, तुकडे सुटतात आणि चेंबरमधल्या (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, मग इंजिनला ऑइलच मिळत नाही. रबराच्या पॅकिंगला सिलिकॉन लागतं ते फक्त कोपऱ्यांत, जिथे टायमिंग कव्हर किंवा कॅमची कॅप हेडला भिडते, तेही हरभऱ्याएवढं, आणि त्याच्या डबीवर लिहिलेला सुकायचा वेळ देऊनच गाडी चालू करायची.

आवळताना इंजिन गार असावं, मधल्या बोल्टपासून बाहेर जायचं, टॉर्क पाना वापरायचा. या लहान बोल्टना साधारण 8 ते 10 न्यूटन मीटरच लागतं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. गळतंय म्हणून जास्त आवळणाऱ्याच्या हातून प्लास्टिक कव्हर तिथेच वाकतं, मग दोष पॅकिंगला. आणि निवांतराव, तुमचं म्हणणं टायमिंग कव्हरच्या ओलीला अगदी बरोबर लागू आहे, तिथे इंजिनचा पुढचा अर्धा भाग उघडावा लागतो, नुसती ओल असेल तर मीही काडी बघत बघत चालवा म्हणेन. टॅपेट कव्हर हे वरवरचं काम आहे, दोन्हीला एकच माप लावू नका.

निवांत_स्टिअरिंग
हे पटलं. वास नसता तर मात्र मी अजूनही थांबलो असतो.

पहिलीगाडी
आता चारही कॉइल काढून बघितल्या. तीन कोरड्या, टोकाच्या एका विहिरीत तळाला ऑइल आहे, रबर ओलं आहे पण फुगलेलं वाटत नाही. आयडलिंगला झाकण उघडलं तर हलकी ओढ, शिट्टी नाही. म्हणजे पडदा ठीक दिसतोय. पॅकिंग आणि नळीच्या सीलचा सेट मागवतो, कव्हर काढल्यावर माझ्यासमोर पट्टी लावायला सांगणार. सेट येईपर्यंत गाडी चालवू का?

जुना_फोरमन
जवळपास चालवा, घाट आणि लांबचा प्रवास नको. बोनेटमधून धूर दिसला किंवा इंजिन मिस मारायला लागलं की तिथेच बंद. आणि त्या विहिरीतला प्लग आत्ता खोलू नका, वरचं ऑइल सरळ सिलिंडरमध्ये उतरेल. आधी ते कापडाने किंवा सिरिंजने ओढून काढा, मगच प्लगला पाना लावा.