सनावळ्या नकोत, 'मग काय झालं?' विचारा
मुलं अभ्यासाला जमून एकमेकांना प्रश्न विचारत बसतात तो नुसता टाइमपास, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. प्रश्न कसले विचारतात ते बघा. लेकीच्या मैत्रिणी एपी यूएस हिस्टरीसाठी (अमेरिकेतल्या शाळांमधला कॉलेजच्या पातळीचा इतिहास) आमच्याकडे जमायच्या तेव्हा आधी सगळी पोपटपंची. मिसुरी तडजोड, म्हणजे गुलामगिरी कुठवर चालेल याची रेषा आखणारा समझोता? १८२०. ड्रेड स्कॉट, म्हणजे स्वातंत्र्य मागणाऱ्या गुलामाच्या खटल्याचा निकाल? १८५७. परीक्षेत ५५ बहुपर्यायी प्रश्न असतात खरे, पण तेही उतारा, नकाशा किंवा व्यंगचित्र पुढे ठेवून विचारलेले. मग एकीने नियम काढला: उत्तर आलं की लगेच 'मग काय झालं?'

१८५४च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मिसुरी तडजोडीची रेषा मोडीत काढली. मग? गुलामगिरीचा निर्णय तिथल्या रहिवाशांच्या मतावर सोडला, दोन्ही बाजूंची माणसं कॅन्ससमध्ये घुसली, रक्तपात झाला. मग? व्हिग हा तेव्हाचा मोठा पक्ष संपला, रिपब्लिकन उभा राहिला. इथे दोघींची चांगलीच जुंपली. व्हिग आधीच खिळखिळे झाले होते, असं एकीचं म्हणणं. बरोबरच होतं तिचं; १८५२च्या निवडणुकीत त्यांना चारच राज्यं मिळाली होती. परीक्षेत सात ऐतिहासिक कागदपत्रं देऊन जो निबंध लिहायला लावतात त्याला असलाच वाद कामी येतो. फ्लॅशकार्डं काय, स्कूलबसमध्ये एकट्यानेही होतात.